झाकलेला गरुड: एका जर्मन सैनिकाच्या युद्धकालीन व्यक्तिचित्राची खरेदी

पार्श्वभूमी

या प्रकरणातील संग्राहक दक्षिण जर्मनीत राहणारे, निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रंगवलेली सामान्य जर्मन सैनिकांची व्यक्तिचित्रे ते जमवतात. सेनापतींची चित्रे त्यांना नको असतात, आणि त्यांच्या संग्रहात ज्याच्या अंगावर नाइट्स क्रॉस हे उच्च शौर्यपदक आहे असे एकही चित्र नाही. मी त्यांच्या संग्रहाच्या नोंदी ठेवण्यास मदत करतो, त्यामुळे येथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी माझ्यासमोर घडल्या. सैनिकाचे, चित्रकाराचे व गावाचे नाव मुद्दाम गाळले आहे.

अशी चित्रे ढोबळमानाने तीन वाटांनी बाजारात येतात, आणि कोणत्या वाटेने आली यावर पुढचा सगळा विचार अवलंबून असतो. पहिली वाट सरकारी. वेरमाख्टने, म्हणजे नाझी जर्मनीच्या सैन्याने, दुसऱ्या महायुद्धात चित्रकारांचे एक स्वतंत्र पथक उभारले होते. लुइटपोल्ड आडाम हे त्याचे प्रमुख होते आणि त्यांनी स्वतः पहिल्या महायुद्धातही युद्धचित्रकार म्हणून काम केले होते. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्यातील कॅप्टन गॉर्डन गिल्की यांनी या आणि अशाच इतर कलाकृती जर्मनीभर फिरून गोळा केल्या. त्यांची संख्या ८,७२२ होती आणि त्या अमेरिकेला नेण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे १,६०० कृती १९५१ मध्ये आणि ६,२५५ कृती १९८६ मध्ये जर्मनीला परत मिळाल्या. काही शे मात्र आजही अमेरिकी सैन्याच्या ताब्यात आहेत. म्हणजे या पथकाचे काम प्रामुख्याने सरकारी संग्रहांत आहे, आणि 'पथकातील चित्रकाराचे अस्सल काम' म्हणून कोणी खाजगीत काही विकू लागला तर पहिला प्रश्न हाच की ते गिल्कींच्या हातून सुटले कसे.

दुसरी वाट प्रदर्शनांची. म्युनिकमध्ये १९३७ ते १९४४ या काळात दरवर्षी भरलेल्या 'ग्रोसे डॉइचे कुन्स्टआउसश्टेलुंग', म्हणजे 'महान जर्मन कला प्रदर्शन', यात सैनिकांची चित्रे मोठ्या संख्येने टांगली जात. या प्रदर्शनांतील कृतींची छायाचित्रांसह सूची २०११ पासून इंटरनेटवर उपलब्ध आहे, त्यामुळे एखादे चित्र तेथे होते की नाही हे घरबसल्या तपासता येते. चित्रकार वोल्फगांग विलरिश यांच्यासारख्यांची रेखाटने पोस्टकार्डांवर छापून घरोघर गेली. त्यांच्याकडे पाहताना एवढे लक्षात ठेवावे, की हाच माणूस आधुनिक कलेविरुद्धच्या नाझी मोहिमेतील एक कडवा आघाडीवीर होता.

तिसरी वाट घरगुती, आणि आपल्या संग्राहकांना रस आहे तो हिच्यात. गावातला किंवा तालुक्यातला चित्रकार, बहुधा शाळेतला चित्रकलेचा शिक्षक, रजेवर आलेल्या मुलाला तासभर समोर बसवून किंवा त्याच्या फोटोवरून एक तैलचित्र काढून देई, आणि ते बैठकीच्या खोलीत लागे. मुलगा परत आला नाही तर त्या चित्राचे स्थान बदले. अशा चित्रांवर कोणी पुस्तके लिहिलेली नाहीत, त्यांना प्रदर्शनाचा क्रमांक नसतो, आणि ती पुढे येतात ती घरातली शेवटची म्हातारी व्यक्ती गेल्यावर, घर रिकामे करून देणाऱ्या व्यापाऱ्याच्या टेम्पोतून.

हे चित्र तसेच आले. सुमारे ५० बाय ४० सेंटिमीटरचा कॅनव्हास, साधी काळी चौकट, अर्धाकृती. तरुण माणूस किंचित डावीकडे वळलेला, डोक्यावर टोपी नाही. अंगावर गडद हिरव्या कॉलरचा करडा-हिरवा अंगरखा, कॉलरच्या कडेने हवालदाराच्या दर्जाची चंदेरी पट्टी, खांद्यावर फिकट हिरवी किनार, आणि उजव्या बाहीवर एडेलवाइस या आल्प्समधल्या फुलाचे चिन्ह. हिरवी किनार आणि हे फूल एकत्र दिसले की तो 'गेबिर्ग्सयेगर' म्हणजे पहाडी पायदळाचा माणूस, हे ओळखायला पुस्तक उघडावे लागत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात सही आणि वर्ष १९४१. व्यापाऱ्याने ८५० युरो सांगितले होते.

अडचण

अडचणी दोन होत्या आणि दोन्ही सैनिकाच्या छातीवर होत्या.

पहिली अडचण उजव्या खिशाच्या वर. वेरमाख्टच्या भूदलाच्या गणवेशावर तेथे पंख पसरलेला गरुड असतो आणि त्याच्या नख्यांत हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझी स्वस्तिक असते. या चित्रात तेथे काहीच नव्हते. बाकीच्या अंगरख्यावर कुंचल्याचे फटकारे स्पष्ट दिसत होते, पण तेवढा तळहाताएवढा तुकडा गुळगुळीत, किंचित चकचकीत, आणि हिरव्याकडे जरा जास्तच झुकलेला होता. टेबलावरचा दिवा बाजूला सरकवून प्रकाश आडवा पाडला तेव्हा त्या गुळगुळीत रंगाखाली पंखांचा उठाव दिसला. कोणीतरी गरुड झाकला होता.

दुसरी अडचण दुसऱ्या बटणाच्या काजात. तेथे फितींचे दोन तुकडे रंगवलेले होते. वरची फीत आयर्न क्रॉस या शौर्यपदकाच्या दुसऱ्या श्रेणीची, मधे रुंद लाल पट्टा आणि दोन्ही कडांना पांढरा-काळा. खालची फीतही लाल, पण तिच्या मधोमध बारीक पांढरी-काळी-पांढरी रेघ. ही १९४१-४२ च्या पूर्व आघाडीवरील हिवाळी लढाईच्या पदकाची फीत, जिला सैनिकांनी 'गोठलेल्या मांसाचे पदक' असे नाव दिले होते. हे पदक सुरू झाले २६ मे १९४२ रोजी. चित्रावरचे साल १९४१. जे पदक अस्तित्वातच नव्हते त्याची फीत चित्रात आली कुठून?

बनावटीची शंका येणे साहजिक होते. नाझी काळातील वस्तूंच्या बाजारात बनावटीची परंपरा जुनी आहे. हिटलरच्या खोट्या रोजनिश्या लिहिणारा कोनराड कुयाऊ १९८३ मध्ये उघडा पडला, पण त्याआधी तो अशाच संग्राहकांना खोटी चित्रे विकत आला होता. एखाद्या जुन्या, निरुपद्रवी व्यक्तिचित्रावर दोन फिती आणि एक फूल चढवले की किंमत दुप्पट होते, हे व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

त्यात व्यापाऱ्याने आणखी एक प्रस्ताव पुढे ठेवला. त्याच्या ओळखीचा एक माणूस 'अर्ध्या दिवसात' वरचा रंग काढून गरुड मोकळा करून देईल, आणि मग चित्राची किंमत आपोआप चौदाशेवर जाईल, पण आत्ताच घेतले तर ८५० मध्येच. हा प्रस्ताव ऐकताना संग्राहकांच्या चेहऱ्यावर मला मोह स्पष्ट दिसला, आणि खरे सांगायचे तर तो माझ्याही चेहऱ्यावर असणार.

कायद्याची बाजू

जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार घटनाविरोधी संघटनांची चिन्हे सार्वजनिकपणे वापरणे किंवा प्रसारित करणे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कला, विज्ञान, संशोधन, शिक्षण आणि इतिहासाचे वृत्त यांसाठी अपवाद आहे. स्वतःच्या घरात असे चित्र बाळगणे गुन्हा नाही, पण त्याचा फोटो कोणत्या कारणासाठी, कोणत्या मजकुरासोबत लोकांसमोर ठेवला यावरून अपवाद लागू होतो की नाही हे ठरते. म्हणूनच जर्मन लिलावगृहे सूचीतील छायाचित्रांत ते चिन्ह झाकतात आणि खरेदीदाराकडून हेतूचे लेखी निवेदन घेतात. दारावर हळदी-कुंकवाने स्वस्तिक काढणाऱ्या मराठी घरातून आलेल्या माणसाला येथे पहिली काही वर्षे अडखळायला होतेच. धार्मिक संदर्भातले आपले स्वस्तिक या कायद्याचा रोख नाही, परंतु गणवेशावरच्या गरुडाच्या नख्यांतले चिन्ह त्याचा अगदी नेमका रोख आहे.

यातून एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण होत होती. झाकलेल्या अवस्थेत हे चित्र कोणालाही, कुठेही, निर्धास्तपणे दाखवता आले असते. 'दुरुस्त' केल्यावर मात्र ते दाखवताना प्रत्येक वेळी दहा वेळा विचार करावा लागला असता. आणि बाजारात किंमत होती ती दुसऱ्या अवस्थेला.

समोर असलेले पर्याय

चित्र न घेणे हा सगळ्यात सोपा पर्याय होता आणि संग्राहकांच्या पत्नीचा कल त्याकडेच होता. त्यांचे म्हणणे असे की ज्या चित्राच्या छातीवर दोन न सुटलेले प्रश्न आहेत ते भिंतीवर लावून रोज काय बघायचे. हा मुद्दा आम्ही तेव्हा हसण्यावारी नेला, पण तो तितका हलका नव्हता.

घ्यायचे आणि साफ करून घ्यायचे, हा दुसरा पर्याय. याच्या बाजूने मी स्वतः बोललो. माझा युक्तिवाद असा होता की चित्रकाराने जे रंगवले ते चित्र. नंतर कोणा भित्र्या हाताने लावलेला रंग हा चित्राचा भाग नव्हे, तो काढणे म्हणजे चित्र मूळ रूपात आणणे. शिवाय नाझी चिन्ह झाकून त्या सैनिकाला निष्पाप करून टाकणे हाही एक प्रकारचा खोटेपणाच आहे, असे मला वाटत होते. १९९५ ते १९९९ या काळात हाम्बुर्गच्या समाजसंशोधन संस्थेने वेरमाख्टच्या गुन्ह्यांवर भरवलेल्या फिरत्या प्रदर्शनाने 'सैन्य स्वच्छ होते, पाप फक्त एसएसचे', म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचे, हा समज जर्मनीत मोडीत काढला. त्या वादांबद्दल वाचून माझे मत घडलेले होते. झाकलेला गरुड मला त्याच जुन्या समजाचा रंग वाटत होता.

तिसरा पर्याय म्हणजे घ्यायचे, पण अटींवर आणि तपासणी होईपर्यंत चित्राला हात न लावता. यात पैसे अडकणार होते, व्यापारी नाराज होणार होता, आणि तपासणीचा खर्च चित्राच्या किमतीच्या जवळ जाण्याची शक्यता होती.

चौथा पर्याय, म्हणजे आधी कुटुंब शोधायचे आणि मग ठरवायचे, तेव्हा आमच्यापैकी कोणीच मांडला नाही. व्यापाऱ्याने घर कोणाचे रिकामे केले ते सांगितले नव्हते, आम्हीही विचारले नव्हते.

शेवटी तिसरा पर्याय निवडला गेला, आणि तो तत्त्वापेक्षा संग्राहकांच्या स्वभावामुळे. आयुष्यभर तांत्रिक आराखडे तपासण्यात घालवलेल्या माणसाला न तपासलेली वस्तू सुधारणे सहन होत नाही. किंमत ६२० युरोवर आली. पावतीवर दोन वाक्ये लिहून घेतली: चित्र १९४५ नंतरचे असल्याचे सिद्ध झाल्यास तीस दिवसांत पैसे परत, आणि चित्र एका वारसाहक्काच्या घरातून कायदेशीरपणे आले आहे अशी व्यापाऱ्याची हमी.

केलेली कृती

पहिली तपासणी घरातच झाली. खिडक्यांच्या झडपा बंद करून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली चित्र धरले. जुन्या नैसर्गिक राळेचे वार्निश अशा प्रकाशात हिरवट दुधी चमकते, आणि त्याच्यावर नंतर लावलेला रंग काळ्या डागासारखा दिसतो. संपूर्ण चित्र हिरवट चमकले. खिशावरचा तुकडा शाईसारखा काळा पडला. म्हणजे गरुड झाकणारा रंग वार्निशच्या वर, चित्र पूर्ण होऊन वार्निश लागल्यानंतर कधीतरी चढलेला होता. आम्ही श्वास रोखून बघत होतो ते मात्र फितींकडे. दोन्ही फिती काळ्या पडल्या नाहीत. हिवाळी पदकाची फीतही वार्निशच्या खालीच होती.

त्यानंतर चित्र एका संवर्धनतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काज दाखवले तो क्षण या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत लक्षात राहिलेला आहे. वरची, आयर्न क्रॉसची फीत अंगरख्याच्या ओल्या रंगातच ओढलेली होती. तिच्या पांढऱ्या कडेत अंगरख्याचा हिरवा रंग ओढला जाऊन केसाएवढ्या बारीक रेषेत मिसळला होता. खालच्या फितीत असे काहीही नव्हते. तिच्याखाली अंगरख्याचे फटकारे सुकून कडक झालेले होते, आणि लाल रंग त्या उंचवट्यांवरून, नांगरटीवरून पाणी जावे तसा गेलेला होता. हात तोच वाटत होता, पण काम वेगळ्या दिवशीचे होते.

याचा सरळ अर्थ असा निघत होता: चित्र १९४१ मध्ये रंगवले, सही केली, मे १९४२ नंतर कधीतरी त्याच चित्रकाराने, किंवा निदान त्या काळातल्या कोणीतरी, सुकलेल्या चित्रावर नवी फीत चढवली, आणि त्यानंतर वार्निश लावले. तैलचित्राला वार्निश करण्यापूर्वी ते काही महिने सुकू देतात, त्यामुळे हा क्रम अगदी स्वाभाविक होता. बनावट करणाऱ्याला फीत जुन्या वार्निशखाली सरकवता आली नसती. नवे वार्निश करून त्याने फसवले असते तर दिव्याखालचा रंग वेगळा आणि एकसारखा दिसला असता. येथे तो चौकटीच्या कडेने फिका, मधे दाट, आणि एका कोपऱ्यात ओघळलेला होता.

आता गरुड. तज्ज्ञांनी वरचा रंग द्रावकाने काढता येईल असे सांगितले, पण त्याआधी अवरक्त छायाचित्र घेऊ या असे सुचवले. काही रंग अवरक्त प्रकाशाला बऱ्यापैकी आरपार जाऊ देतात, आणि झाकणारा हिरवा रंग नशिबाने तसा निघाला. पडद्यावर करड्या छटांत पंख आले, मग गोल वलय, आणि त्याच्या आत नखाएवढे चिन्ह. चित्रकाराने ते फारशा काळजीने काढलेले नव्हते. एक बाहू दुसऱ्यापेक्षा आखूड होता.

येथे माझा युक्तिवाद कोसळला. मी ज्या 'मूळ चित्रा'साठी भांडत होतो ते न खरवडता आमच्यासमोर होते. साफ करण्याने ज्ञानात काही भर पडणार नव्हती, फक्त चित्राचा बाजारभाव वाढणार होता. संग्राहकांनी तेथेच साफसफाई लांबणीवर टाकली. रद्द केली नाही, लांबणीवर टाकली.

ओळख पटवताना झालेले नुकसान

आता ती चूक, जिच्यामुळे मला हे प्रकरण लिहावेसे वाटले. तपासणीनंतर चित्राला चमक न येणारी काच बसवावी म्हणून संग्राहकांनी ते एका चौकटवाल्याकडे दिले. चौकटीच्या पाठीवर जुना तपकिरी कागद चिकटवलेला होता आणि त्यावर पेन्सिलीने दोन ओळी लिहिलेल्या होत्या. मी पहिल्याच दिवशी त्या कागदाचा फोटो काढला होता, पण मोबाइल तिरका धरून. डावी बाजू सावलीत गेली होती. पुन्हा नीट काढू, असे म्हणून राहून गेले. चौकटवाल्याने, जसे कोणताही नीटनेटका कारागीर करील तसे, जीर्ण कागद फाडून टाकला आणि स्वच्छ नवा लावून दिला. आम्ही विचारायला गेलो तोवर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. दोष त्याचा नव्हता. 'पाठीला हात लावू नका' असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

माझ्या फोटोत उरले होते ते एवढे: आडनावाची शेवटची दोन अक्षरे, 'गेफ.' हे 'गेफालेन' म्हणजे 'धारातीर्थी पडला' याचे संक्षिप्त रूप, १९४२ च्या सप्टेंबरमधील एक तारीख, आणि गावाचे नाव, ते मात्र पूर्ण. गाव आल्प्सच्या पायथ्याशी, बव्हेरियातील ओबरबायर्न भागात.

सप्टेंबर १९४२ मध्ये पहाडी पायदळ कॉकेशसमध्ये लढत होते. २१ ऑगस्टला त्यांच्या एका तुकडीने एल्ब्रुस शिखरावर झेंडा लावल्याची मोठी प्रसिद्धी झाली होती, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत खिंडींमध्ये माणसे मरत राहिली. गावातल्या युद्धस्मारकाचा फोटो मिळवला. त्या महिन्यात पडलेल्यांत त्या दोन अक्षरांनी संपणारी आडनावे दोन निघाली. जर्मन युद्धस्मशानांची देखभाल करणाऱ्या फोल्क्सबुंड या संस्थेची नावांची सूची इंटरनेटवर शोधता येते. तेथे तारखा जुळवून एक नाव उरले. बर्लिनच्या ज्या जुन्या कार्यालयात वेरमाख्टच्या सैनिकांच्या नोंदी होत्या ते २०१९ पासून बुंडेसआर्खीव्हचा, म्हणजे संघीय अभिलेखागाराचा, भाग झाले आहे. तेथे अर्ज पाठवला आणि उत्तराची वाट बघत बसलो.

उत्तर येण्याआधी गावच्या इतिहासमंडळाच्या एका सदस्यांनी शंका मिटवली. बव्हेरियातील कॅथलिक गावांत मृत व्यक्तीचे छोटे छापील कार्ड, 'श्टेर्बेबिल्ड', वाटण्याची पद्धत आहे. एका बाजूला प्रार्थना, दुसऱ्या बाजूला फोटो आणि दोन तारखा. मंडळाकडे अशी कार्डे खोक्यात भरून ठेवलेली होती. त्यांनी पाठवलेल्या कार्डावरच्या फोटोत तोच चेहरा होता, आणि काजात दोन फिती होत्या. चित्रकाराने दुसरी फीत कशावरून काढली असावी ते त्या कार्डाने सांगून टाकले. मुलगा गेल्यावर घरच्यांनी चित्र पुन्हा चित्रकाराकडे नेले आणि मरेपर्यंत त्याला जे जे मिळाले ते सगळे त्यात घालून घेतले, असाच निष्कर्ष आम्ही काढला. फितीच्या कोड्याला आम्ही तीन महिने बनावटीच्या दृष्टीने बघत होतो.

निष्पत्ती

त्याच सदस्यांमार्फत सैनिकाची पुतणी भेटली. ती वयस्कर बाई, काकाच्या मृत्यूनंतर जन्मलेली. घर तिच्या दिवंगत चुलत भावाचे होते, ते रिकामे करायला तिनेच सांगितले होते, आणि चित्र तिनेच टेम्पोत जाऊ दिले होते. म्हणजे मालकीबद्दल शंका उरली नाही, पण कुटुंब शोधून त्यांना 'हरवलेले' चित्र परत देण्याची जी गोड कल्पना संग्राहकांच्या मनात तयार झाली होती तीही उरली नाही. तिला ते नको होते.

झाकलेल्या गरुडाबद्दल मात्र ती आपणहून बोलली. १९४५ च्या वसंतात अमेरिकी सैनिक गावात शिरणार अशी बातमी आली तेव्हा आजोबांनी, म्हणजे सैनिकाच्या वडिलांनी, चित्र भिंतीवरून न काढता खुर्चीवर उभे राहून तेवढाच भाग रंगवला, असे तिने घरात ऐकलेले होते. रंग खिडकीच्या झडपांचा होता. झडपा हिरव्या होत्या, त्यात थोडा करडा कालवला. तो गुळगुळीत, चकचकीत, जरा जास्तच हिरवा तुकडा आम्ही चार महिने दिव्याखाली आणि भिंगाखाली बघत होतो, आणि तो खिडकीचा रंग होता.

साफसफाईचा प्रश्न त्यानंतर पुन्हा निघाला नाही. वडिलांना चित्र लपवता आले असते, जाळता आले असते. त्यांनी मुलाला भिंतीवर ठेवले आणि चिन्ह तेवढे झाकले. त्या कृतीत भीती किती, लाज किती आणि केवळ व्यवहार किती, हे कोणी सांगू शकत नाही, पण ती कृती चित्रकाराच्या सहीइतकीच या वस्तूचा भाग आहे, एवढे मला मान्य करावे लागले.

बुंडेसआर्खीव्हचे उत्तर बऱ्याच महिन्यांनी आले. सैनिक पहिल्या पहाडी डिव्हिजनचा होता. याच डिव्हिजनचे सैन्य ३० जून १९४१ रोजी आजच्या युक्रेनमधील ल्विव्ह शहरात शिरले आणि त्याच दिवसांत तेथे ज्यूंविरुद्ध भीषण हिंसाचार झाला. १९४३ मध्ये, म्हणजे हा मुलगा गेल्यानंतर, ग्रीसमधील कोमेनो गाव आणि केफालोनिया बेटावरच्या हत्याकांडांत याच डिव्हिजनचे सैनिक होते. संग्रहाच्या नोंदीत हे लिहायचे की नाही यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. त्याने स्वतः काय केले याचा एकही पुरावा नसताना डिव्हिजनचे पाप त्याच्या चेहऱ्याखाली लिहिणे अन्यायाचे, असे संग्राहकांचे म्हणणे होते. माझे म्हणणे असे की हा चेहरा देखणा आहे, चित्र चांगले आहे, आणि नेमके म्हणूनच नोंदीत ते हवे. शेवटी तारखा आणि ठिकाणे लिहिली, आणि त्यापुढे 'या घटनांतील त्याच्या वैयक्तिक सहभागाची नोंद उपलब्ध नाही' असे वाक्य घातले. मला ते वाक्य आजही थोडे बचावाचे वाटते.

सगळा हिशेब केला तर चित्र ६२० युरोचे आणि तपासण्या, प्रवास व प्रती मिळून त्याहून थोडे अधिकच. बाजारात त्याची किंमत वाढलेली नाही. झाकलेल्या गरुडाच्या चित्राला कोणी जास्त पैसे देत नाही, त्यामागची हकिकत कितीही पक्की असली तरी.

वेगळे काय करता आले असते

पाठ आधी पाहायला हवी होती. सैनिकचित्रांच्या संग्राहकांची नजर बिल्ले आणि फितींवर जाते, कारण तेथेच आपले ज्ञान दाखवता येते. पण घरगुती चित्राची ओळख जवळजवळ नेहमी पाठीवरच असते. चौकट उघडण्याआधी पाठीचे सरळ, सपाट प्रकाशात, मोजपट्टी ठेवून काढलेले चार फोटो, आणि चित्र दुसऱ्याच्या हाती देताना पाठीवर चिकटवलेली 'कागद काढू नये' अशी चिठ्ठी, एवढ्याने दोन महिन्यांचा शोध वाचला असता. आता संग्राहक जुना पाठकागद सुटा झाला तर प्लास्टिकच्या पाकिटात घालून चौकटीच्या आत ठेवतात.

व्यापाऱ्याला घर कोणाचे हे विचारायला हवे होते. त्याने सांगितले नसते असे आम्ही गृहीत धरले. पुतणीला भेटल्यावर कळले की तिने नाव लपवायला सांगितलेच नव्हते. कुटुंबाला आधी शोधले असते तर झडपांच्या रंगाची हकिकत पहिल्याच आठवड्यात कळली असती, आणि मग अतिनील दिवा व सूक्ष्मदर्शक ही तोंडी हकिकत पडताळण्याची साधने झाली असती. आम्ही उलट्या बाजूने गेलो. तथापि, याच्या विरुद्धही एक गोष्ट आहे. आधी हकिकत ऐकली असती तर फितीकडे इतक्या संशयाने पाहिले नसते, आणि ओल्या-सुक्या रंगाचा तो फरक कदाचित नोंदवलाच गेला नसता.

साल आणि पदक यांचा मेळ न बसणे म्हणजे बनावट, हे समीकरण आम्ही घाईने मांडले. गणवेशाच्या तपशिलांवरून काळ ठरवण्याची पद्धत फोटोंसाठी चांगली आहे, कारण फोटो एका क्षणात पुरा होतो. चित्र पुरे होत नाही. ते चित्रकाराकडे परत जाते, त्यात भर पडते, कधी मेलेल्या माणसाला बढतीही मिळते.

एक निर्णय अजून अर्धवट आहे. संग्राहकांना हे चित्र, अवरक्त छायाचित्र आणि हकिकत एकत्र प्रसिद्ध करायची आहे. पुतणीने नाव व गाव न छापण्याच्या अटीवर होकार दिला. परंतु चित्रकार १९६० च्या दशकात वारला, आणि जर्मन कायद्याने कलाकृतीवरचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे राहतो, म्हणजे चित्र छापायला त्याच्या वारसांची परवानगी हवी. त्याच्या एका नातवाला पत्र गेले आहे. मी पाठवलेल्या अवरक्त छायाचित्राची प्रत पुतणीने बघून परत पाठवली. श्टेर्बेबिल्डची प्रत मात्र ठेवून घेतली.